तुमचे प्रश्न: हा एवढा वारा येतो तरी कुठून?

गेल्या अंकात विचारलं होतं की वारा, पाऊस, उकाडा, थंडी यातलं तुम्हाला कशाचं कोडं पडतं ते लिहून पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळं मिळून इतकं आलं की दोन दिवस मी नुसती वाचतच बसले होते. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, म्हणून निवडक घेतलेत. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यातली बरीचशी रत्नागिरीत, त्यामुळं सुरुवात कोकणापासूनच करते.

देवगडहून एक वाचक: ताई, आमचे आजोबा पहाटे चारला होडी काढायचे, म्हणायचे मतलई आहे तोवर निघायचं, आणि दुपारी परत येताना शिडात वारा भरून घ्यायचे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, मार्कही मिळाले, पण वारा एका दिवसात दोनदा दिशा का बदलतो हे कधी नीट कळलंच नाही. आणि पावसाळ्यात हे वारे जातात कुठं?

तुमच्या आजोबांना जे ठाऊक होतं तिथूनच सगळं सुरू होतं. मी मुलांना दुपारी एक वाजता मांडवीच्या किनाऱ्यावर घेऊन जायचे आणि चपला काढायला लावायचे. चार पावलं टाकली की पोरं उड्या मारत पाण्याकडं पळायची आणि पाण्यात पाय पडला की गार. ऊन दोघांवर सारखंच, सकाळपासूनचे तास सारखेच, मग वाळू चटके देते आणि पाणी गार राहतं ते का? एक तर पाण्याला तापायला तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा चार-पाच पट जास्त उष्णता लागते. दुसरं म्हणजे ऊन पाण्यात खोल शिरतं, लाटा ते पाणी वरखाली ढवळतात, त्यामुळं मिळालेली उष्णता पुष्कळ पाण्यात वाटली जाते. वाळूत ती वरच्या दोन-तीन बोटांतच अडकून बसते, हातानं जरा उकरून बघा, खालची वाळू गारच लागेल.

आता तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा तापते, फुगते, हलकी होते आणि वर चढते, तिथला दाब जरासा कमी होतो. अगदी जरासाच, पण तेवढा पुरतो. समुद्रावरची हवा गार आणि जड, तिथं दाब जास्त, मग ती जमिनीकडं सरकते, ते खारे वारे. रात्री वाळू पटकन निवते, समुद्र मात्र आपली ऊब धरून ठेवतो, पारडं उलटं होतं आणि पहाटेपर्यंत जमिनीवरची गार हवा समुद्राकडं वाहायला लागते, ते मतलई. म्हणून पहाटे चार वाजता निघायचं, वल्हं कमी मारावं लागतं.

घरी बघायचं असेल तर एक करा. एसी लावून एक खोली गार करा, शेजारची गरम राहू द्या, मधलं दार चार बोटं किलकिलं ठेवा आणि पेटवलेली उदबत्ती आधी फटीच्या खाली उंबऱ्याशी धरा, मग स्टुलावर चढून वरच्या चौकटीशी धरा. खाली धूर गार खोलीतनं गरम खोलीकडं जातो आणि वर बरोबर उलटा. दारात उभं राहून आपल्याला काहीच जाणवत नाही, पण धूर दाखवतो. अख्ख्या पृथ्वीवर हेच चाललंय, फक्त खोल्या मोठ्या आहेत.

पावसाळ्यात आभाळ झाकलेलं, जमीन ओली, दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक उरत नाही, आणि वर नैर्ऋत्येचा मोठा वारा इतका जोरात असतो की हे छोटे वारे त्यात दिसेनासे होतात. समुद्र खवळतो, शिवाय माशांच्या विणीचा काळ, म्हणून १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरायला लागतो, तो सण त्या तिथीला का आहे हे तुमच्या आजोबांना सांगावं लागलं नसेल.

डोंबिवलीहून एक वाचिका: मार्च महिन्यात मुंबईत एखाद्या दिवशी अचानक अडतीस-एकोणचाळीस तापमान होतं आणि दुसऱ्याच दिवशी तेहतीस. सूर्य तर तोच आहे ना?

सूर्य तोच, खारा वारा उशिरा आला. एरवी तो अकरा-साडेअकराला सुरू होतो आणि तापमानाला तिथंच लगाम बसतो. पण काही दिवशी पूर्वेकडनं, म्हणजे घाटावरच्या तापलेल्या जमिनीकडनं कोरडा वारा जोरात येतो, तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो, दोन-दोन वाजेपर्यंत आत येऊ देत नाही, तोवर पारा चढलेला असतो. तुम्ही डोंबिवलीत, म्हणजे समुद्रापासून आत, तुमच्यापर्यंत तो वारा पोचायला आणखी उशीर.

पुण्याहून सातवीतला विद्यार्थी: आमच्या सरांनी मे महिन्यात शून्य सावली दिवस दाखवला. ते म्हणाले की जुलैमध्ये परत एकदा सूर्य डोक्यावर येतो. मग जुलैमध्ये मेसारखं ऊन का नसतं? आणि उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते का?

शाब्बास, फार छान प्रश्न विचारलास. आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण हा गैरसमज मोठ्या माणसांतही पुष्कळ आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा! आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५.२ कोटी. त्यामुळं ऋतू अंतरानं होत नाहीत, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून होतात. जूनमध्ये उत्तरेची बाजू सूर्याकडं झुकलेली, ऊन सरळ पडतं आणि दिवसही मोठा. डिसेंबरमध्ये तेच ऊन तिरपं पडतं. टॉर्च भिंतीवर सरळ मार आणि मग तिरपा मार, तिरपा मारला की उजेड पसरतो आणि फिका होतो, तसंच.

आता जुलै. पुण्यात सूर्य मेच्या मध्यात डोक्यावर येतो, उत्तरेला कर्कवृत्तापर्यंत जातो आणि परत येताना जुलैच्या शेवटी पुन्हा डोक्यावर येतो. ऊन दोन्ही वेळा तेवढंच, पण जुलैमध्ये मधे ढग आहेत, आणि जे ऊन ढगातनं खाली येतं त्यातलं बरंचसं ओल्या जमिनीतलं पाणी सुकवण्यात खर्ची पडतं, जमीन तापवायला फार उरत नाही. जुलैची शून्य सावली बहुतेक वेळा ढगांमुळं दिसतच नाही, पण त्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला अंगणात एक उभी काठी रोवून ठेव, ऊन पडलंच चुकून तर सापडेल.

मॉरिशसहून एक वाचिका: माझे पणजोबा कोकणातनं इथं ऊसमळ्यात मजूर म्हणून आले, घरात अजून मराठी बोलतो. इथं जून ते ऑगस्ट आमचा हिवाळा, आणि तेव्हा आग्नेयेचा वारा सतत वाहतो. कुणीतरी मला सांगितलं की हाच वारा पुढं तुमच्याकडं पाऊस होऊन पोचतो. हे खरंय का, का नुसतं बोलायला छान?

अगदी खरंय, आणि तुमचं पत्र वाचून मला काय वाटलं हे सांगता येणार नाही. तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण वीस अंशांवर, मुंबई उत्तरेला एकोणीसवर, जवळजवळ आरशातलं गाव.

तुमच्याकडं हिवाळा असतो तेव्हा मॉरिशसच्या दक्षिणेला हवेचा दाब खूप जास्त असतो, तुमच्या बेटांच्या नावावरनंच त्याला मस्कारीन उच्च दाब म्हणतात. त्याच वेळी राजस्थान आणि पाकिस्तानच्या वाळवंटावर दाब खूप कमी झालेला असतो. हवा जास्त दाबाकडनं कमी दाबाकडं निघते. आता ती सरळ उत्तरेला यायला हवी, पण पृथ्वी फिरतेय. विषुववृत्तावरची जमीन ताशी १६७० किलोमीटरच्या आसपास वेगानं पूर्वेला जाते, तुमच्या अक्षांशावर ताशी साधारण १५७०. तुमच्याकडनं निघालेली हवा आपला कमी वेग घेऊन विषुववृत्ताकडं येते आणि मागं पडते, म्हणजे पश्चिमेला कलते, म्हणून तुम्हाला ती आग्नेयेकडनं आल्यासारखी वाटते. विषुववृत्त ओलांडलं की उलटं होतं. आता तिच्या पाठीशी विषुववृत्ताचा वेग आहे आणि पुढची जमीन हळू चाललीय, त्यामुळं ती पूर्वेला पुढं निघून जाते, उजवीकडं वळते, आणि आपल्याकडं नैर्ऋत्येचा वारा म्हणून येते. वारा तोच, वळण बदललं.

मधे केनिया आणि इथिओपियाचे उंच डोंगर आडवे येतात, हवा त्यांना खेटून, दाटीवाटीनं, सोमालियाच्या किनाऱ्यालगत झोतासारखी सुटते. हा झोत फार उंच नसतो, जमिनीपासून दीडेक किलोमीटरवर. तिथला वारा इतका जोराचा की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला लोटलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं, भर उन्हाळ्यात तिथला समुद्र गार पडतो. तिथनं पुढं अरबी समुद्रावरनं येताना हवा पाणी उचलत उचलत येते आणि सह्याद्रीला धडकते. त्यामुळं रत्नागिरीत जुलैमध्ये जे कौलांवर पडतं त्यातली हवा काही दिवसांपूर्वी तुमच्या अंगणाच्या आसपास असू शकते, पाणी मात्र बरंचसं वाटेतलं.

हाच वारा हिवाळ्यात उलटा, ईशान्येकडनं वाहतो, आणि अरब खलाशांनी पूर्वीपासून याच वेळापत्रकावर येणं-जाणं ठेवलं होतं, मान्सून हा शब्दच अरबी मौसिमवरनं आलाय. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला आला तो वाऱ्याच्या वेळेला निघाला म्हणून तेवीस दिवसांत आला. परत जाताना वाऱ्याची वाट न बघता निघाला तर तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्यात त्याची बरीच माणसं मेली.

लातूरहून एक शिक्षक: नमस्कार. आम्ही वर्गात शिकवतो की जमीन तापते, दाब कमी होतो, समुद्रावरनं वारे येतात, मान्सून. म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचाच मोठा भाऊ. पण मग जास्त तापलं त्या वर्षी जास्त पाऊस पडायला हवा. ७२ साली आमच्याकडं जमिनीला भेगा पडल्या होत्या म्हणतात, मग का नाही आला?

सर, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं, आणि ते चूक नाही, पण अर्धंच आहे, उरलेलं अर्धं मुलांना कुणी सांगत नाही याची मला मनापासून खंत आहे.

मोठ्या भावाची कल्पना जुनी आहे, १६८६ साली एडमंड हॅलीनं मांडलेली, धूमकेतूवाला तोच. पण बघा, आपल्याकडं सगळ्यात जास्त तापतं मेमध्ये, आणि पाऊस जुलैमध्ये धो धो पडतो तेव्हा जमीन कितीतरी निवलेली असते. निवल्यावर वारा थांबायला हवा, तो तर वाढतो. दुसरं, सगळ्यात कमी दाब आणि सगळ्यात जास्त उष्णता राजस्थानच्या वाळवंटावर, तिथं पाऊस सगळ्यात कमी. तिसरं तुम्हीच सांगितलंत, दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या सुलोचना गाडगीळ हेच मुद्दे पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की मान्सून म्हणजे राक्षसी आकाराचे खारे वारे नव्हेत. विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा कायम असतो, दोन्ही बाजूंचे वारे तिथं येऊन भेटतात आणि हवा वर चढते, तो पट्टा सूर्याच्या मागनं उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो आणि आपल्याकडं तर पार गंगेच्या मैदानापर्यंत जमिनीवर चढतो, तो मान्सून.

मग तापल्याशिवाय तो टिकतो कशावर? याचं उत्तर चहाच्या भांड्यात आहे. गॅसवर एक भांडं पाणी ठेवा, उकळी फुटायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा, आणि मग तीच आच ठेवून ते पाणी पूर्ण आटायला किती लागतात ते बघा. साधारण सात पट वेळ लागेल, आणि त्या सगळ्या वेळात पाण्याचं तापमान एक अंशानंही वाढत नाही. मग एवढी उष्णता गेली कुठं? वाफेत जाऊन लपली. अरबी समुद्रावर ऊन पडून जे पाणी वाफ होतं ते हीच उष्णता पोटात घेऊन वाऱ्याबरोबर येतं, वर जाऊन त्याचे थेंब झाले की ती सगळी उष्णता तिथल्या हवेला परत मिळते. म्हणजे ढगाच्या आत, काही किलोमीटर उंचीवर, चूल पेटते. तिथली हवा तापते, आणखी वर चढते, खाली दाब आणखी कमी होतो, समुद्रावरनं आणखी ओला वारा ओढला जातो. आपण म्हणतो वारा पाऊस आणतो. खरंय, पण पाऊस पण वाऱ्याला ओढून आणतो.

जमिनीचं तापणं हे काडी पेटवण्यासारखं आहे, नुसत्या काडीवर स्वयंपाक होत नाही. चुलीला लाकूड लागतं आणि इथलं लाकूड म्हणजे बाष्प. ७२ साली जमीन तापली होती, पण त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, चूल भलतीकडंच पेटलेली होती.

निफाडहून एक द्राक्ष बागायतदार: हे एल निनो प्रकरण नक्की काय आहे? पेरूजवळ पाणी तापलं तर निफाडला काय त्याचं? आणि आमचं नुकसान तर गारपिटीनं होतं, तीही ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, २०१४ ला पंधरा दिवस रोज आभाळाकडं बघत होतो.

वरचं चुलीचं उदाहरण वाचलंत ना, तेच पुढं न्यायचं. एरवी प्रशांत महासागरात वारे पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून ठेवतात, सगळ्यात मोठे ढग त्या गरम पाण्यावर. एल निनोत ते वारे मंदावतात, गरम पाणी परत मधे आणि पेरूकडं पसरतं, ढग त्याच्या मागं जातात. तिथं हवा वर चढली की ती कुठंतरी खाली उतरणारच, आणि ती बऱ्याचदा आपल्या बाजूला उतरते. उतरणारी हवा ढग वाढू देत नाही, झाकण ठेवल्यासारखं होतं. २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ते एल निनोचं वर्ष होतं. पण एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच असं समजून घाबरू नका. १९९७ ला मोठा एल निनो होता आणि देशात पाऊस सरासरीइतका पडला, कारण आपल्या हिंदी महासागराची पश्चिम बाजू तेव्हा जास्त गरम होती आणि तिनं भरपाई केली.

हे दूरचं नातं लक्षात आलं त्यात पुण्याचाही एक धागा आहे. गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती १९०४ ला हवामान खात्याचे प्रमुख झाले, आधीचे मोठे दुष्काळ डोळ्यांसमोर होते, त्यांनी जगभरातले दाबाचे आकडे गोळा करून माणसं लावून हातानं हिशोब करवले. त्यातनं दिसलं की प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागरात उतरतो, सी-सॉसारखं. तेव्हा खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, १९२८ ला ते पुण्यात आलं, आणि शिवाजीनगरला ज्या चौकात आपण रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो त्याला सिमला ऑफिस चौक म्हणतात ते त्यामुळंच.

गारपिटीचं कारण वेगळं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडनं कमी दाबाच्या लाटा इराण-अफगाणिस्तानवरनं उत्तर भारतात येतात, काश्मीरला बर्फ देतात. कधी कधी त्यातली एखादी जास्त दक्षिणेला खेचली जाते, वरच्या थरात अतिथंड कोरडी हवा आपल्या डोक्यावर येते आणि त्याच वेळी खाली समुद्राकडनं आलेली उबदार ओली हवा असते. खाली ऊबदार, वर गारठा, म्हणजे हवा रॉकेटसारखी वर उसळते. पाण्याचा थेंब वर फेकला जातो, गोठतो, जड होऊन खाली यायला लागतो, परत वर फेकला जातो, थरावर थर चढतात. मोठी गार मिळाली तर सुरीनं मधोमध कापून बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक पांढरा, एक काचेसारखा. वर्षभर जपलेल्या घडांवर ती पडते तेव्हा कुणाला पापुद्रे बघायचं सुचणार नाही हे मला कळतं, पण कारण विचारलंत म्हणून सांगितलं.

दहिवडीहून एक वाचिका: जून-जुलैभर आमच्या डोक्यावरनं काळे ढग पळत जातात, वारा तर असा की पत्रे उडतील, आणि पाऊस नाही. घरातले म्हणतात वाऱ्यानं पाऊस पळवला. डोंगरापलीकडं पूर आणि आम्ही टँकरच्या रांगेत, हे कसं सहन करायचं?

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. वारा पाऊस पळवत नाही, तो तुमच्यापर्यंत येईपर्यंत रिकामा झालेला असतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर. समुद्राकडनं आलेली ओली हवा तेवढी चढ चढते, चढताना गार होते, गार हवेला बाष्प धरता येत नाही, ते तिथंच सांडतं, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास. तीच हवा पसरणीच्या घाटानं वाईकडं उतरते, म्हणजे घाट आपल्यासाठी, हवेला सगळा डोंगरच उतरण, आणि उतरताना दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश तापते. तापलेली हवा ढगच सुकवायला लागते. महाबळेश्वर ते वाई तीसेक किलोमीटर, आणि वाईचा वर्षाचा पाऊस हजाराच्याही आत. तुम्ही तर आणखी पूर्वेला. सातारा जिल्ह्यातच वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या सगळ्यात जास्त वीज याच पावसाळी वाऱ्यावर करतात.

तुमच्याकडचा पाऊस येतो तो वाऱ्याचा जोर कमी झाल्यावर, सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परतीचा. तेव्हा पश्चिमेचा वारा मंदावतो, पूर्वेकडनं बंगालच्या उपसागराकडचं बाष्प येतं, दुपारी ढग जागच्या जागी वाढतात आणि तिथंच कोसळतात. सोलापूरलाही वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच. म्हणून माणदेशात बांधबंदिस्ती, नाला, शेततळं जे काही करायचं ते ऑगस्टअखेर तयार पाहिजे, ती दोन-चार मोठी पावसं अडवली गेली पाहिजेत.

अकोल्याहून एक वाचक: आमच्याकडं मुंबईचा पाऊस येतो का?

फारसा नाही. विदर्भाला मोठा पाऊस देतात ते बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे, ओडिशावरनं पश्चिमेला सरकत येणारे. त्यामुळं मुंबई तुंबली अशी बातमी बघून अंदाज बांधू नका, उपसागरात काय चाललंय ते बघा.

परभणीहून एक शेतकरी वाचक: माझं वय बहात्तर. मृग लागला, दोन दिवस चांगला पाऊस झाला, मुलानं पेरलं, मग वीस दिवस टिपूस नाही, दुबार पेरणी. आमचे वडील नक्षत्रावर शेती करायचे, वाहन बघायचे. नक्षत्रं खोटी झाली का?

काका, नक्षत्रं खोटी नाहीत, पण ती ताऱ्यांवर मोजतात आणि पाऊस सूर्याच्या कलण्यावर चालतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळं या दोन हिशोबांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. तुमच्या आयुष्यात एक दिवस, त्यानं शेतीला काही होत नाही. पण ज्या काळात या नक्षत्रांची पावसाशी सांगड घातली गेली तिथपासून मोजलं तर मृग कितीतरी दिवस पुढं सरकलाय. आणि वाहन हे पंचांगातलं गणित आहे, कोल्हा आला का म्हैस आली यात त्या वर्षीचा वारा मोजलेला नसतो.

तुमच्या मुलाचं जे झालं ते खूप जणांचं होतं आणि त्याचं कारण असं की जूनच्या सुरुवातीचा पाऊस बऱ्याचदा मान्सूनचा नसतोच, वळीव असतो. हवामान खातं केरळात मान्सून आला असं नुसता पाऊस बघून जाहीर करत नाही. ठरवून दिलेल्या चौदा ठिकाणांपैकी साठ टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पाहिजे, आणि त्याच्या जोडीला पश्चिमेचा वारा जमिनीपासून चारेक किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला पाहिजे, त्याला ठरावीक वेग पाहिजे, ढगांचा थर जाड पाहिजे. वारा नसेल तर पाऊस कितीही पडू दे, तो मान्सून नाही.

शेतात उभं राहूनही यातलं बरंच कळतं. वळीव दुपारनंतर येतो, आधी घुसमट, मग ढग फुलकोबीसारखा उंच वाढतो, वावटळ उठते, गडगडाट, विजा, तासाभरात संपून आभाळ मोकळं, वारा आज या दिशेनं तर उद्या त्या. मान्सून आला की वारा रात्रीसुद्धा पश्चिमेकडनंच राहतो, ढग खाली, करडे, सरसर पूर्वेला जाणारे, गडगडाट कमी, आणि पहाटेचा गारवा दिवसभर टिकतो. देवळावरचा झेंडा तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ एकाच बाजूला फडकतोय का बघा. आणि कृषी खातं सांगतं ते मुलाला ऐकायला लावा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वीतभर ओल खाली गेल्याशिवाय पेरायचं नाही. ओल बघायला मोबाईल लागत नाही, कुदळीनं एक खड्डा घ्या आणि खालची माती मुठीत दाबून बघा, लाडू वळला तर पेरा.